सतराव्या पानावरचा शिक्का

मी सूड घेतला तो कामाच्या वेळेत, खुर्चीवर बसून, मस्टरवर सही करून. त्याला वीसेक वर्षं लागली, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं. ते शेवटी सांगते.

मी शहापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. लागले तेव्हा सहाय्यक होते. टेबलावर दाखल नोंदवही, शाईचं पॅड आणि लाकडी मुठीचा आडवा शिक्का, एवढाच माझा संसार. नवीन पुस्तक आलं की नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा, मग शिक्का मारायचा. एक शिक्का पहिल्या पानावर, एक शेवटच्या, आणि एक गुप्त पानावर. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. ते बाहेर कुणाला सांगत नाहीत. पुस्तक चोरीला गेलं, चोरानं पुढचं-मागचं पान फाडलं, तरी गुप्त पानावरचा शिक्का राहतो. आमचं पान सतरावं. आता सांगायला हरकत नाही, कारण या प्रकरणानंतर मी ते बदललं.

माझे बाबा मुरबाड डेपोत कंडक्टर होते. माळशेजच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर त्यांची ड्यूटी असे. टोकावड्याला आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे बाया भाज्यांच्या पाट्या घेऊन चढायच्या. शेवळं, भारंगी, लोत, कवळा, टाकळा, कोळीची भाजी. बाबा तिकीट फाडता फाडता विचारायचे, ही कुठली, कुठल्या डोंगराची, कधी निघते. बाया हसायच्या, पण सांगायच्या. तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत खाली त्यांची एक वही असे. घरी आले की ती वही घेऊन ते चुलीजवळ बसायचे. मी अभ्यास करायचे, आई भाकरी थापायची, बाबा लिहायचे. आमच्या घरातली संध्याकाळ म्हटली की मला हेच दिसतं.

त्या वहीची त्यांनी मुरबाडच्या छापखान्यात पुस्तिका छापून घेतली. बत्तीस पानं, दोन पिना, पोपटी रंगाचा कागद. प्रस्तावनेत सगळ्यांचे आभार. डेपोतल्या साहेबांचे, छापखान्याच्या मालकांचे, विहारातल्या कार्यकर्त्यांचे, शाई सुकेपर्यंत थांबलेल्या बाइंडरचेसुद्धा. आणि शेवटी एक वाक्य, 'घरच्या मंडळींचे सहकार्य लाभले.' मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटायचा. घरच्या मंडळींत मीही आले की.

योगायोग असा, की मी वाचनालयात लागले त्याच महिन्यात पुस्तिका निघाली. बाबा ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच शहापूरला आले आणि दोन्ही हातांनी एक प्रत माझ्या टेबलावर ठेवली. माझ्या हातून दाखल झालेलं ते पहिलं पुस्तक. मी उत्साहानं शाई जरा जास्तच लावली. पुस्तिकेला समास असा नव्हताच, कागद वाचवायला बाबांनी मजकूर कडेपर्यंत नेला होता. सतरावं पान उघडलं, शिक्का दाबला, आणि तो नेमका मजकुरावर बसला. शेवळांच्या भाजीतली एक अख्खी ओळ जांभळ्या शाईखाली गेली.

बाबांनी पान उजेडाकडे धरून बघितलं. "काकडं गेली की गो," ते म्हणाले. मग हसले. "आईला सांगू नको. ती ओळ गेली म्हणून कळलं तर मला जेवायला घालायची नाय."

मी तेव्हा नुसती ओशाळले. त्या बोलण्यात काय आहे ते मला कळलं नाही.

आता सरांबद्दल.

सर म्हणजे आमच्या तालुक्यातलं मोठं प्रस्थ. कॉलेजात शिकवायचे. जुनं जमीनदार घर, भाताची खाचरं, दारात गाडी. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होते. मंडळातल्या माणसाला पुस्तक न्यायला चिठ्ठी लागत नाही, हा आमचा न लिहिलेला नियम. सरांनी बाबांची पुस्तिका 'जरा चाळतो' म्हणून नेली आणि चारेक महिन्यांनी परत आणून ठेवली. पुढे दोन वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं. पुठ्ठ्याची बांधणी, मुखपृष्ठावर जंगल, आत रंगीत फोटो. प्रकाशन आमच्याच सभागृहात. पाण्याचे ग्लास मंचावर मीच ठेवले. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते, हातात पुस्तकाची प्रत. मी वरून बघत होते. ते पानं उलटत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. माणूस पाठ असलेलं काही वाचतो तेव्हा हलतात तसे.

सरांच्या पुस्तकात आभार होते. 'काही स्थानिक माहितगारांची मदत झाली.' माझा बाप असा स्थानिक माहितगार झाला, तोही अनेकवचनी.

कार्यक्रम संपल्यावर बाबा सरांजवळ गेले. मी ग्लास गोळा करत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. बाबा म्हणाले, "सर, हे शब्द माझे आहेत." सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, आपण बोललो होतो की हे सगळं. मी सांगायचो, तुम्ही उतरवून घ्यायचात. विसरलात काय?" आजूबाजूची माणसं हसली. सरांनी बाबांच्या प्रतीवर 'स्नेहपूर्वक' लिहून सही केली.

गावभर तेच पसरलं. कंडक्टरनं सरांच्या तोंडचं ऐकून बुक छापलं. आमच्याकडे कोण बघणार? कॉलेजातला मास्तर आणि येश्टीतला कंडक्टर, त्यातही आम्ही जयभीमवाले. कुणाच्या डोक्यात अक्कल असते आणि कुणाच्या हातात नुसती वही, हे लोकांचं आधीच ठरलेलं असतं.

बाबा भांडले नाहीत. पत्र्याच्या पेटीतली वही मात्र दिसेनाशी झाली. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेले ते आजारानं, सरांमुळे नाही, तेवढी मी न्यायी आहे. पण लिहायचे थांबले ते सरांमुळे. आणि मी पुढची कितीतरी वर्षं मंडळाच्या प्रत्येक बैठकीत त्या माणसापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. बोटाला थुंकी लावून पानं उलटायची त्याची सवय. प्रत्येक पानाला मी मनात दात-ओठ खाल्ले.

सरांचा धंदा मात्र जोरात. आयत्या बिळावर नागोबा. आषाढाच्या सुमारास रानभाज्यांचा महोत्सव व्हायचा, तिथे पाककृतींची स्पर्धा. कल्याण-डोंबिवलीहून हौशी लोक यायचे आणि सरांच्या पुस्तकातून बघून भाज्या करायचे. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी शेवळांची भाजी तोंडात घातली आणि भाषणभर खाकरत राहिले. सर माइकवर म्हणाले, "ही खाज म्हणजेच अस्सल शेवळाची ओळख." भारंगी तर इतकी कडू, की परीक्षक बाई डोळे मिटून गिळत होत्या. त्यावर सर म्हणाले, "कडू आहे म्हणजे औषधी आहे." आमच्या बाजारातल्या बाया मागे उभ्या राहून पदराआड हसत होत्या. मीही हसले. पण का हसायचं ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. नोकरीवाली बाई मी, रानभाजी खाल्ली ती आईच्या हातची, केली कधी नाही.

मग तो ऑनलाइन ज्ञानकोश आला. म्हणजे होता आधीपासून, आमच्यापर्यंत आत्ता पोचला. कुणीही स्वयंसेवकानं लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा तो कोश. त्यांच्यातल्या काही मंडळींनी वाचनालयांना साद घातली, की तुमच्या कपाटांत जुनी स्थानिक पुस्तकं पडून आहेत, ती आम्हाला संदर्भाला हवीत. ज्यांच्या हक्कदारांची परवानगी मिळेल ती स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवू. कार्यशाळा आमच्याकडे ठरली. नारळ सरांनी फोडला, समई सरांनी लावली, आणि 'ज्ञान ही कुणाच्या बापाची मालमत्ता नाही' असं भाषणही सरांनीच केलं. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

शिकवायला आसनगावच्या एक ताई आल्या होत्या. कल्याणला नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी कोशात लिहितात, पैशाशिवाय. बारीक आवाज, पण शिस्त कडक. त्यांनी सांगितलं, कोशातल्या वाक्याला आधार हवा. आधार नसेल तर पुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लागते, आणि तरीही आधार मिळाला नाही तर वाक्य जातं. मला ते इतकं आवडलं. आमच्या तालुक्यात असा नियम असता तर निम्मी माणसं 'संदर्भ हवा' घेऊन फिरली असती.

सरावासाठी मी शेवळांचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, 'या भाजीने घशाला खाज सुटते. ही तिची ओळख मानली जाते.' संदर्भ, सरांचं पुस्तक. भारंगीचं उघडलं, संदर्भ सर. लोत, सर. कवळा, सर. मी तिथल्या तिथे टाइप केलं, 'हे पुस्तक चोरीचं आहे, खरा लेखक मुरबाड डेपोचा कंडक्टर होता.' पाच मिनिटांत कुणीतरी ते पुसलं. मला निरोप आला, 'कृपया विश्वसनीय संदर्भ द्यावा. वैयक्तिक आरोप टाळावेत.'

मी ताईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वडिलांबद्दल स्वतः लिहायचं नाही, मॅडम. नात्यातलं माणूस चालत नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही ग्रंथपाल आहात. कागद ठेवा. वाचणारे वाचतील."

हे मला पटायला आठवडा गेला. त्या आठवड्यातच सर फाइल घेऊन आले. फाइलमध्ये स्वतःच्या बातम्यांची कात्रणं. मंडळात आल्यापासून ते मला 'अगं' म्हणत, त्या दिवशी पहिल्यांदा 'अहो' म्हणाले. "अहो, त्या कोशात माझ्यावर एक पान हवं. आता तुमच्या हातात आहे ते."

मी म्हणाले, "सर, पान करणं माझ्या हातात नाही. पण तुमचं पुस्तक तुम्ही खुलं केलंत, कुणालाही पूर्ण वाचता आलं, तर लोक त्यावर लिहितील." यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी परवानगीचा फॉर्म पुढे केला आणि वाचूनही दाखवला. कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, पडताळून बघावं, आणि ही परवानगी कायमची राहील. सरांनी झोकदार सही केली. 'कायमची' या शब्दावर त्यांची मान समाधानानं हलली होती.

बाबांच्या पुस्तिकेसाठी वारसाची परवानगी हवी होती. आई अजून टोकावड्याच्या बाजूला गावीच असते. आमच्या सुट्टीच्या वारी मी गेले आणि फॉर्म तिच्यापुढे धरला. ती ओसरीत चिंचा फोडत होती. विहारातल्या प्रौढांच्या वर्गात शिकलेली, सावकाश का होईना वाचते. पण मला परतीची गाडी धरायची होती. "हितं सही कर, आई," मी म्हणाले. "बाबांचं पुस्तक सगळ्या जगाला दिसेल." तिनं हात पदराला पुसले आणि सही केली. मी घरातली पुस्तिकेची एक कोरी प्रतही बरोबर घेतली, वाचनालयातली फार हाताळलेली म्हणून.

वाचनालयात दोन स्टुलांवर काच ठेवून आम्ही स्कॅनिंगचं टेबल केलं होतं. आधी सरांचं पुस्तक केलं, मग बाबांचं. दुपारची वेळ, वाचक कोणी नव्हतं. सतरावं पान काचेखाली घातलं आणि तो शिक्का दिसला. जांभळा, फासल्यासारखा. शरमेनं माझे कान तापले. खाली काय होतं म्हणून मी घरच्या कोऱ्या प्रतीत बघितलं. बाबांनी लिहिलं होतं,

'शेवळे चिरून तेलात परतावीत. काकडांचा रस घातल्याखेरीज चुलीवरून उतरवू नयेत, नाहीतर घसा खवखवतो. वरून भाजलेले खोबरे घालावे.'

काकडं म्हणजे आंबट हिरवी फळं, रानातलीच. आमच्याकडे बाजारात शेवळांची जुडी घेतली की विकणारी बाई न मागता मूठभर काकडं वर टाकते. त्यांच्याशिवाय शेवळं कुणी शिजवतच नाही. मी सरांच्या पुस्तकातलं शेवळांचं पान काढलं. तिथे होतं,

'शेवळे चिरून तेलात परतावीत. वरून भाजलेले खोबरे घालावे.'

मधली ओळ नाही. शिक्क्याखाली गेलेली तेवढीच ओळ, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. शिक्का फक्त आमच्या प्रतीवर होता, आणि तो मी मारला होता. सरांनी बाबांना तोंडानं सांगितलं असतं तर काकडं त्यांच्याही पुस्तकात असती. सरांनी आमची प्रत समोर ठेवून जे दिसलं ते उतरवलं, जे दिसलं नाही ते सोडलं. आणि आयुष्यात कधी चुलीजवळ न गेल्यामुळे काही सुटलंय हेही त्यांना कळलं नाही. त्या खाकरणाऱ्या पाहुण्यांच्या घशात माझा शिक्का अडकला होता.

मी काचेवर तिन्ही पानं शेजारी शेजारी मांडली आणि एकटीच हसत बसले. हाताच्या काकणाला आरसा कशाला.

आरोप कुठेच केला नाही. दोन्ही पुस्तकं खुल्या संग्रहात ठेवली, बाबांच्या दोन्ही प्रतींसकट. खाली नोंद, जशी आमच्या वहीत आहे तशी. दाखल क्रमांक, दाखल तारीख, सरांच्या पुस्तकाची दाखल तारीख. बस. आसनगावच्या ताईंनी कोशातल्या शेवळांच्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर एकच ओळ लिहिली, 'या तीन पानांकडे कृपया बघावे.' पुढचं काम कुणा अनोळखी माणसानं केलं, त्याचं तोंड मी अजून बघितलेलं नाही. त्यानं दोन्ही पुस्तकं ओळीला ओळ लावून पडताळली आणि जुळणारी वाक्यं पिवळी केली. सरांची पानं हळद लावलेल्या नवरदेवासारखी झाली होती. पंधरा दिवसांत कोशातल्या भाज्यांच्या पानांवरून सरांचं नाव गेलं आणि तिथे बाबांचं आलं. सरांवर पान कुणी केलं नाही. पण आता त्यांचं नाव शोधलं, की आधी ती चर्चा वर येते.

मी रोज सकाळी आल्यावर झाडू मारायच्या आधी ते उघडून बघायचे. पोट भरायचं.

सर आले ते एका सोमवारी. वाळल्यासारखे दिसत होते. मला वाटलं होतं मला थोडी दया येईल. नाही आली.

"ते पुस्तक काढून टाका," ते म्हणाले.

मी फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. "एकदा दिलं की परत घेता येत नाही, सर. सही तुमचीच आहे."

त्यांनी सही बघून फॉर्म दूर सारला. मग म्हणाले, "जरा पाणी द्या." मी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते उठले, स्वतः ग्लास भरून घेतला आणि प्याले. जाताना दारात थांबले. "तुमच्या बापाला तरी कुठं येत होतं हे? कंडक्टर माणूस. त्याला कुणी सांगितलं, ते विचारा एकदा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून मी ते सोडून दिलं. जिंकलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

पुढच्या सुट्टीला मी पेढे घेऊन गावी गेले. आई कुरडूची भाजी निवडत होती. मी फोनवर पान उघडून तिच्या हातात दिलं. काकडांची ओळ, आणि तिच्या पुढे संदर्भात बाबांचं नाव. आई एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत गेली. माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, तिचेही येतील.

"आन मी कुटं हाय?" तिनं विचारलं.

मला कळलं नाही.

"ह्यात माजं नाव कुटं हाय, गो?"

"प्रस्तावनेत आहे की," मी म्हणाले. "घरच्या मंडळींचे सहकार्य लाभले."

"घरची मंडळी म्हंजे कोन? मांजर?"

आईनं फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली. बोलत होती ती भाजीकडेच बघून. "येश्टीतल्या बाया नाव सांगायच्या भाजीचं. कशी शिजवायची, काय घालायचं, ते काय तिकीट काढताना सांगतात? रोज सांजचं चुलीपुढं मी सांगायची, ते लिवायचे. तू हितंच बसलेली असायचीस पाटी घेऊन. काकडाची वळ तर मी भांडून घालाय लावली. ते म्हनले, लोकांना म्हाईत हाय. मी म्हनले, लिवा."

सगळं माझ्या डोळ्यांपुढे घडलं होतं. आई भाकरी थापायची आणि बोलायची, बाबा लिहायचे. आठवताना मी तिचा आवाज काढून टाकला होता. 'आईला सांगू नको' म्हणून बाबा का हसले होते, ते आज कळलं.

"तू तो कागद आनलास," आई म्हणाली, "तवा मला वाटलं, आता तरी इचारशील. तू म्हनलीस हितं सही कर. मी केली. वाचून नाय दाखवलास."

सरांना मी वाचून दाखवला होता. शत्रूला सगळी कलमं, आणि आईला नुसती सहीची जागा. तिच्या नावापुढे मीच छापलं होतं, 'लेखकाची वारस'. माझा इतका राग आला मला, की सरांचासुद्धा कधी आला नसेल.

"मी दुरुस्त करते," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच समजलं, की जमणार नाही. मी नात्यातली. शिवाय आधार लागतो, आणि आधार कुठेच नव्हता. आईला कोशाचा नियम समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं.

"तुज्या सरांना शिक्क्यानी धरलास," ती म्हणाली. "आन बापाला कशानी धरशील?"

आपलेच दात, आपलेच ओठ. बाबांवर मला राग धरता येईना आणि सोडताही येईना. ते चांगले होते. बाइंडरचेसुद्धा आभार मानण्याइतके चांगले होते.

मग मला आठवलं, कार्यशाळेत ताई म्हणाल्या होत्या की ज्यांचं छापलेलं नाही त्यांचा आवाज घ्या. जाणकारांना बोलू द्या, ध्वनिमुद्रण संग्रहात ठेवा, त्यालाही दाखल क्रमांक द्या. मी आईला विचारलं. या वेळी फॉर्म पहिल्यापासून वाचला, 'एकदा दिलं की परत घेता येत नाही' हेही. 'सांगणारी' या शब्दापुढे तिनं स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं, मग मला पेन दिलं. "ऐकनारी म्हनून तू कर सही. येळ लागला तरी चालंल, वाचून कर."

मी सही केली. फोन परातीला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "शेवळांपासून सुरू कर."

"शेवळं बरोबर हायेत. पयलं चुकांचं सांगते. बाबांच्या बुकात नऊ चुका हायेत."

"नऊ?"

"भारंगी बघ, पान पाच. त्यात लिवलंय, उकडल्याचं पानी फेकू नये. कोन न्हाय फेकत? पानी पिळून टाकलं नाय तर भाजी कडूजहर."

मला महोत्सवातल्या परीक्षक बाई आठवल्या, डोळे मिटून गिळणाऱ्या. सरांनी तेही उतरवलं होतं, आणि आता कोशातही तेच होतं, बाबांच्या नावावर. "बाबांनी चुकीचं लिहिलं?"

"त्यांनी मी सांगितलं तसंच लिवलं," आई म्हणाली. कुरडूचं एक जून पान तिनं बाजूला टाकलं. "बुक छापाय द्यायचं ठरलं, तवा मी इचारलं, माजं नाव येईल ना? ते म्हनले, घरच्या मानसांचं कुटं नाव टाकतात व्हय. त्या दिवसापासनं मी नऊ ठिकानी उलटं सांगितलं. एकदा जरी त्यांनी चूल पेटवली आसती तर कळलं आसतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मनात डूख धरून बसायचा हा स्वभाव माझा एकटीचा आहे.

"कुनाला काय व्हनार नाय, भाजीची चव तेवडी जाते," ती म्हणाली आणि फोनकडे वाकली. "चालू हाय का ते?"

चालू होतं.